एका सतरा अंकी संख्येची कुळकथा



बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांना मोठ्या संख्येचे भय दाखविण्यात काही अर्थ नाही. निरेच्या डाव्या कालव्यावर आणि उजनीच्या पाण्यावर ज्यांची पिके उभी राहतात, त्यांच्या बोलण्यात ‘टीएमसी’ हा शब्द सहज येऊन जातो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एकावर नऊ शून्ये. उजनीचे धरण भरले म्हणजे त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठते, हे इंदापूरच्या बाजारात कोणीही सांगेल. परंतु असल्या संख्येला आपण एकच प्रश्न विचारतो, आणि तो म्हणजे ‘किती?’ पाणी किती, ऊस किती, कर्ज किती. संख्येला विचारण्याजोगा आणखी एक प्रश्न आहे, तो ‘कशी?’ हा. ही संख्या घडली कशी, तिचे अवयव कोणते, तिच्या अंकांची ठेवण अशीच का? हा प्रश्न विचारण्यात ज्याने सारे आयुष्य घालविले असा एक शाळामास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याची आणि एका सतरा अंकी संख्येची हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्या पोटात एक वादही आहे. अंकांच्या असल्या खेळाला गणित म्हणावयाचे काय, हा तो वाद. त्याचाही आपण आपल्यापुरता निकाल करू.

ती संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून चढत नवापर्यंत जावे आणि त्याच पायऱ्यांनी खाली यावे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र येथपासून परार्धापर्यंत संख्येची अठरा स्थाने सांगितली आहेत. ती उजवीकडून मोजीत गेले म्हणजे आपल्या संख्येचा डावीकडील पहिला एक सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ नावाच्या, स्थानावर येतो. परार्ध अवघे एक स्थान पुढे राहते. इतके घनफूट पाणी साठवावयाचे म्हटले तर उजनीएवढी एक लाखाहून अधिक धरणे लागतील. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर येथे संपले. आता ‘कशी’ ते पाहू.

अकराला अकरांनी गुणिले म्हणजे १२१ येतात. १११ ला १११ नी गुणिले म्हणजे १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. याच क्रमाने नऊ एक ओळीने मांडून त्या संख्येचा वर्ग केला म्हणजे आपली सतरा अंकी संख्या मिळते. यात जादू नाही. शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडून पाहा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक आहेत. फक्त प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली आहे. उजवीकडच्या शेवटच्या घरात एकच एक येतो, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन; मधल्या घरात नऊच्या नऊ ओळी एकावर एक येतात, म्हणून तेथे नऊ. पुढे ओळी एकेक करून संपत जातात आणि अंक उतरू लागतात. दहा एक घेतले तर मधल्या घराची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि सारी शिस्त बिघडते. त्या वर्गाचे अंक १२३४५६७९००९८७६५४३२१ असे आहेत. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला आणि शिखरावर दोन शून्ये येऊन बसली. तेव्हा आपली सतरा अंकी संख्या ही या माळेतील शेवटची निर्दोष संख्या होय.

या संख्येची आणखी एक गंमत आहे. तिच्या साऱ्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ नी तिला भागले तर बाकी उरत नाही. भागाकार येतो तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग; आठाचा अंक येथेही गैरहजरच आहे. या माळेतील कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज शिखरावरील अंकाच्या वर्गाएवढी असते; १२१ ची चार, १२३२१ ची नऊ. पण बेरजेने संख्येला नि:शेष भाग जाणे मात्र सर्वांच्या नशिबी नाही. चारने १२१ ला भाग जात नाही. नऊने १२३२१ ला जातो आणि ३७ चा वर्ग मिळतो. ज्यांचे शिखर एक, तीन किंवा नऊ आहे त्या तिघींनाच हे साधते. उरलेल्या सहाजणींना साधत नाही. कारण सोपे आहे. जितके एक मांडले, तितक्यांनी त्या एकांच्या संख्येला भाग गेला पाहिजे. तीन एकांना तीनने आणि नऊ एकांना नऊने जातो, दोन एकांना दोनने जात नाही.

या माळेचे मूळ शोधीत गेले तर हजार-अकराशे वर्षे मागे जावे लागते. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष मान्यखेट येथे राज्य करीत होता. त्याच घराण्याने आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे खोदविले, आणि महाराष्ट्राचा मोठा भाग या घराण्याच्या अमलाखाली होता. अमोघवर्षाच्या कारकिर्दीत महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. त्यात गुणाकाराच्या अभ्यासासाठी दिलेली उदाहरणे मोठी रसिक आहेत. १५२२०७ ला ७३ नी गुणा, आठ एक मिळतील. १४२८५७१४३ ला ७ नी गुणा, दोन टोकांना एक आणि मध्ये सगळी शून्ये मिळतील. असल्या उत्तरांना आचार्यांनी गळ्यातल्या हाराची उपमा दिली आहे. हाराचे दोन्ही पदर सारखे असतात, तशीच ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, एकच. त्यांतला एक हार असा: २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर येते १२३४५६५४३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस. एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी राशी, अशा अर्थाच्या शब्दांत आचार्य तिचे वर्णन करतात. आपल्या सतरा अंकी संख्येचीच ही धाकटी बहीण. ४४१ हा २१ चा वर्ग आहे. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे. आणि २१ ला ५२९१ नी गुणिले म्हणजे सहा एक मिळतात. विद्यार्थ्याला गुणाकार घोटावयाला लावावयाचा, पण त्याच्या श्रमाला शेवटी हार मिळाला पाहिजे, ही या गुरूची दृष्टी होती.

मध्यंतरी शतके गेली. विसाव्या शतकात हा हार पुन्हा उचलला तो एका शाळामास्तराने. दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, तेव्हा घरात आकडेमोड होतीच. शालेय शिक्षण ठाण्याला झाले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली गणितातील स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे त्यांनी शाळेत मास्तरकी केली. दिवसा वर्गातली मुले आणि उरलेल्या वेळी संख्या, असे हे आयुष्य होते.

जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या स्टेशनात काप्रेकरांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली, आणि त्या स्टेशनाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डावा आणि उजवा भाग मिळविले म्हणजे मधल्या भागात पुनरावृत्त होणारा अंक मिळतो. २५५३ घ्या, दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाच-पाच बसलेले आहेत. ४७७७३ मध्ये चार आणि तीन मिळून सात. आता आपली माळ याच दृष्टीने पाहा. १२३२१ मधील शिखरावरचा तीन काढून ठेवा. राहिले १२ आणि २१. त्यांची बेरीज ३३. सतरा अंकी संख्येतील नऊ काढून ठेवा. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज करा, आठ नऊ ओळीने उभे राहतात. एकांच्या या वर्गांना काप्रेकर ‘अद्भुत डेम्लो’ म्हणत, आणि त्यांच्यावरील त्यांचा लेख १९३८ साली भारतीय गणित परिषदेच्या ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डहाणू, देवळाली यांसारख्या गावांतल्या माणसाने गणिताच्या परिभाषेत एका लहानशा रेल्वे स्टेशनाचे नाव कायमचे घातले.

आता वादाकडे वळू. केंब्रिजचे जी. एच. हार्डी हे विसाव्या शतकातील थोर गणिती. रामानुजनांना इंग्लंडात नेणारे तेच. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी अशा अंकचमत्कारांचा निकाल लावून टाकला आहे. त्यांची उदाहरणे अशी. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत; पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. हार्डींचे म्हणणे, ही माहिती वर्तमानपत्राच्या कोडेसदराला ठीक आहे. गणितज्ञाला तिच्यात घेण्यासारखे काही नाही. तिच्यात व्यापकता नाही आणि तिच्या सिद्धतेतूनही काही नवे निघत नाही.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रामानुजन आणि १७२९ यांची गोष्ट आपण ऐकली आहे. आजारी मित्राला भेटावयास आलेल्या हार्डींना आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक नीरस वाटला. रामानुजनांनी तत्काळ सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. एक आणि बारा यांचे घन, किंवा नऊ आणि दहा यांचे घन. हा गुण त्या संख्येच्या अंगचा आहे. ती रोमन अक्षरांत लिहा की मोडीत लिहा, तो ढळत नाही. आपल्या सतरा अंकी संख्येचा डौल मात्र दहाच्या पायावर लिहिण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. माणसाच्या हाताला आठच बोटे असती तर तिचे रूप निराळे दिसले असते.

बारामतीकरांना हा वाद अनोळखी वाटू नये. १७२९ हे मोरोपंतांचे जन्मवर्ष. पंतांनी १०८ रामायणे रचली. त्यांतल्या एकात ओठांनी उच्चारावयाचे एकही अक्षर येऊ दिले नाही. एकात रामनामाचा मंत्र गुंफला. हे काव्य की कसरत, असे पंडितांनी त्यांच्याविषयीही विचारले आहेच. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर सरसकट देता येत नाही. नियमाचे बंधन घालून घेतल्यावर त्यातून काही नवे उगवले काय, हे ज्या त्या ठिकाणी पाहावे लागते. संख्यांच्या बाबतीतही तीच कसोटी लावू.

काप्रेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. तो त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. सातव्या वजाबाकीपर्यंत ६१७४ येतेच आणि मग ती सुटत नाही. पंतांचे जन्मवर्ष घेतले तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या. त्यांचे मृत्युवर्ष १७९४ पाचच पायऱ्यांत पोहोचते. खेळ सुंदर आहे. परंतु पाच अंकी संख्यांत असे एकच विश्रामस्थान सापडत नाही, आणि दहाचा पाया बदलला की ६१७४ चे राज्यही जाते. येथे हार्डींच्या बाजूला थोडे वजन पडते, हे मान्य करावे.

पण काप्रेकरांचा दुसरा संख्याप्रकार पाहा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करा. बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. तीस आणि पंचवीस मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. आज जगभर यांना ‘काप्रेकर संख्या’ म्हणतात. असे का होते? २०२५ म्हणजे वीस वेळा शंभर आणि वर पंचवीस. त्यातून ४५, म्हणजे वीस आणि पंचवीस, वजा करा. वीस वेळा नव्व्याण्णव उरतात. दुसऱ्या बाजूने ४५ च्या वर्गातून ४५ काढले म्हणजे ४५ गुणिले ४४ राहतात. म्हणून ४५ × ४४ = २० × ९९. आता ९९ चे अवयव ९ आणि ११. लागोपाठच्या दोन संख्यांत एकाहून मोठा सामाईक अवयव असू शकत नाही, म्हणून नऊ एकीकडे गेला तर अकरा दुसरीकडे. ४५ ने नऊ घेतला, ४४ ने अकरा. वाटणी उलटी करा. ५५ ने अकरा घेतला, ५४ ने नऊ. ९९९ चे २७ आणि ३७ असे अवयव पाडले तर याच वाटणीतून २९७ आणि ७०३ ही जोडी निघते. २००० साली डग्लस इआनुची या गणितज्ञाने सिद्ध केले की सगळ्या काप्रेकर संख्या नऊ-नऊ मांडलेल्या संख्यांच्या अशा वाटण्यांतूनच येतात. पाया आठाचा घेतला तरी युक्तिवाद तोच. ९९ च्या जागी ६३ येतात, एवढेच.

हीच ती व्यापकता. नवांची प्रत्येक संख्या ही एकांच्या संख्येची नऊपट असते, तेव्हा काप्रेकर संख्यांचे रहस्य एकांच्या संख्येच्या अवयवांत आहे. आपली सतरा अंकी संख्या ज्या नऊ एकांवर उभी आहे, त्यांचे मूळ अवयव तीन, तीन, सदतीस आणि ३३३६६७. महावीराचार्यांच्या हारातील सहा एक म्हणजे ३, ७, ११, १३ आणि ३७ यांचा गुणाकार. हार, डेम्लो आणि काप्रेकर संख्या या तिन्हींचे मूळ एकच आहे. हार्डींनी कोडेसदरात ढकललेली ९८०१ हीदेखील ९९ चा वर्गच होय. ९८ आणि ०१ मिळून ९९, म्हणजे तीही याच कुळातली. माळेचे शिखर दहाच्या पायावर नवाला आहे, बाराच्या पायावर अकराला असते. मात्र शिखर पायापेक्षा एकाने खाली, हा नियम कोठेही बदलत नाही. खेळ एका पायावर खेळला गेला, पण त्यातून निघालेला नियम सर्व पायांवर चालतो.

काप्रेकरांना जिवंतपणी या कामाचे मोल फार थोडे मिळाले. पाटण्याच्या १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. काप्रेकरांना ना मठ मिळाला ना पीठ. त्यांनी आपल्या पुस्तिका स्वत:च छापल्या. निवृत्तीनंतरचा काळ ओढगस्तीचा गेला, आणि शिकवण्या करून त्यांना चरितार्थ चालवावा लागला. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, आणि देवळालीचे मास्तर एकाएकी जगाला ठाऊक झाले. १९८६ साली ते वारले.

त्यांनी दिलेल्या एका नावाचीही कथा आहे. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, त्या संख्येला त्यांनी हर्ष देणारी म्हणून ‘हर्षद’ म्हटले. आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे, हे आपण पाहिलेच. १७२९ देखील हर्षद आहे; अंकांची बेरीज १९, आणि १९ ला त्याच्याच उलट्या ९१ ने गुणिले की १७२९. १९७७ साली आयव्हन निव्हेन यांनी एका व्याख्यानात या संख्यांचा उल्लेख केला, आणि पाश्चात्त्य लेखनात त्यांना ‘निव्हेन संख्या’ हेही नाव पडले. १९९३ साली कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केले की वीसपेक्षा अधिक हर्षद संख्या लागोपाठ येऊच शकत नाहीत. दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, तिला काप्रेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. अशा संख्यांचे एकंदरीतले प्रमाण शून्यावर जात नाही, हे झानिएर यांनी १९८२ साली दाखविले. खेळ देवळालीत सुरू झाला आणि सिद्धता देशोदेशींच्या विद्यापीठांतून आल्या. ज्याला कोणी प्रश्नच विचारला नाही, त्याची सिद्धता तरी कोण देणार? प्रश्न विचारणाऱ्याचा वाटा सिद्धता देणाऱ्याने बुडवू नये, एवढाच या वादाचा न्याय मला दिसतो.

आणि प्रश्न संपलेले नाहीत. दोन एकांची संख्या, म्हणजे अकरा, मूळ आहे. त्यानंतर एकोणीस एकांची, तेवीस एकांची, पुढे एकदम ३१७ एकांची आणि १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. हा प्रश्न समजण्यासाठी शाळेतला गुणाकार पुरतो. घरी गेल्यावर आपल्या मुलाबाळांकडून सहा एकांचे अवयव पाडून घ्यावेत. महावीराचार्यांच्या हाराचे पाचही मणी त्यांच्या हाती लागतील, आणि सातवा एक मांडून पुढे काय होते, हे विचारावयाला ती आपण होऊनच परत येतील.